बाबांची नेमकी कोणती नस?

वाचकाचं पत्र :

डॉक्टर, नमस्कार. माझे वडील ६६ वर्षांचे आहेत, एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झाले. चौदा वर्षं शुगर आहे, किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन १.६ आहे. विडी सोडली म्हणतात, पण खिशात काडेपेटी सापडते. सहा-सात महिने त्यांची डावी पोटरी दुखते. घरून निघाले की देवळाच्या कमानीपर्यंत जातात, तिथे उभे राहतात आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा चालू लागतात. कोणी ओळखीचं दिसलं तर फ्लेक्स वाचत असल्याचं नाटक करतात. हाडांच्या डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय करायला लावला. एल-४, एल-५ या मणक्यांमध्ये डिस्क बल्ज आहे (गादी फुगलीय), नस दबलीय असं निघालं आणि ऑपरेशन सांगितलं. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात, नस ब्लॉक असेल, सीटी अँजिओ करा. पण मध्ये घोट्याला सूज आली होती तेव्हा डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) केला होता, तो नॉर्मल होता. तो बघून हाडांचे डॉक्टर म्हणाले, ब्लॉक वगैरे काही नाही, नस मोकळी आहे. उजव्या गुडघ्याच्या एक्स-रेत गॅप कमी झालीय, ते वेगळंच. आई म्हणते, एवढे फोटो काढून माणसाला कॅन्सर व्हायचा. भाऊ म्हणतो, एकदाच डोक्यापासून पायापर्यंत एमआरआय करून टाकू, म्हणजे कटकट मिटेल. ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. सगळे रिपोर्ट सोबत पाठवतेय. काय करावं?

— एक लेक, कराड

ताई, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती आणि एकाच शब्दाखाली रेघा ओढत गेलो : नस. 'नस दबलीय', 'नस ब्लॉक असेल', 'नस मोकळी आहे'. तुम्हाला वाटतंय की डॉक्टर एकाच नसेवरून भांडतायत. तसं नाहीये. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आपल्या बोलीत तिघींचं आडनाव तेवढं एक.

जी दबलीय ती मज्जातंतू. कमरेच्या मणक्यातून निघते आणि विजेच्या वायरसारखी पायात उतरते, तिच्यात रक्त नसतं. जी ब्लॉक असेल असं फॅमिली डॉक्टर म्हणतायत ती रोहिणी, हृदयाकडून पायाला रक्त नेणारी. आणि जी मोकळी निघाली ती नीला, पायातलं रक्त परत वर आणणारी. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात लाल आणि निळ्या रंगात काढलेल्या असायच्या त्याच या दोघी.

आता तुम्ही पाठवलेल्या डॉप्लरच्या रिपोर्टचं शीर्षक बघा. मजकूर नको, फक्त वरची ठळक ओळ. 'व्हेनस डॉप्लर, डावा पाय' असं लिहिलंय. व्हेनस म्हणजे नीलेचा. घोट्याला सूज होती, तेव्हा नीलेत रक्ताची गुठळी झालीय का एवढंच विचारलं होतं आणि गुठळी नाही असं उत्तर मिळालं. उत्तर बरोबर आहे. पण पायाकडे रक्त पोचतंय की नाही, याबद्दल त्या कागदावर एक अक्षर नाही. वाहकाच्या लेकीला वेगळं काय सांगायचं? कराडहून पुण्याला गाडी सुटली का म्हणून चौकशीच्या खिडकीवर गेलात आणि तिथून 'पुण्याहून येणारी गाडी वेळेवर आलीय' असं सांगितलं, तर तुम्ही निर्धास्तपणे घरी जाल का?

ही चूक घरच्यांचीच होते असं नाही, आम्हा डॉक्टरांचीही होते. बाह्यरुग्ण विभागात चाळीस माणसं रांगेत असतात, फाइलमध्ये 'डॉप्लर नॉर्मल' एवढं दिसतं आणि पान उलटलं जातं.

पत्रावरून निदान करता येत नाही, मीही करणार नाही. पण तुम्ही नकळत एक फार मोलाची गोष्ट लिहून गेलात : बाबा उभे राहतात. बसत नाहीत, वाकत नाहीत, नुसते उभे राहतात आणि दोन-तीन मिनिटांत पोटरी मोकळी होते. मणक्यातली जागा अरुंद होऊन मज्जातंतू दबले असतील तर साधारण उलटं घडतं. अशा माणसाला नुसतं उभं राहून आराम पडत नाही, त्याला टेकायला लागतं, बसायला लागतं, पुढे वाकायला लागतं. भाजीच्या हातगाडीवर किंवा सायकलच्या हँडलवर रेलून तो लांबपर्यंत चालतो, कारण पुढे वाकलं की मणक्यातली जागा थोडी वाढते. त्याला चढ त्यातल्या त्यात सोपा जातो, उतार नको वाटतो. रोहिणी अरुंद असेल तर चढावर पोटरी लवकर भरते, सायकलवरही भरते, आणि थांबलं की गोळा विरतो, कारण स्नायूची मागणी कमी होते आणि जेवढं रक्त येतंय तेवढं पुरायला लागतं. जर्मन लोक या दुखण्याला गमतीने 'दुकानांच्या काचा बघण्याचा आजार' म्हणतात, कारण तिथले म्हातारे थांबावं लागलं की दुकानातल्या वस्तू बघत असल्यासारखं करतात. तुमचे बाबा फ्लेक्स वाचतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि भावपूर्ण श्रद्धांजली दोन्ही पाठ झाले असतील त्यांचे!

आज संध्याकाळी एक करा. त्यांच्या बरोबर चालायला जा आणि काही न सुचवता बघा. किती पावलांवर थांबतात? रोज साधारण तेवढ्याच अंतरावर का? कुठे दुखतं, पोटरीत की कुल्ल्यापासून खाली मुंग्या उतरतात? सुटायला काय करावं लागतं? हे वहीत लिहा. कुठल्याही मशीनच्या रिपोर्टइतकीच या चार ओळींची किंमत आहे, आणि ओपीडीत 'पाय दुखतो' एवढंच सांगणाऱ्या बाबांकडून त्या कधीच बाहेर पडणार नाहीत.

मग घरी आल्यावर त्यांचे पाय बघा. दोन्ही पाय उघडे, उजेडात. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत साधारण मधोमध एक नाडी लागते. दुसरी आतल्या घोट्याच्या मागे, घोटा आणि टाच यांच्या मधल्या खळग्यात. तीन बोटं अलगद ठेवा, दाबू नका. काही निरोगी माणसांतही पावलावरची नाडी हाताला लागत नाही, तेव्हा ती सापडली नाही म्हणून घाबरू नका. पण डाव्या पायात दोन्ही लागत नाहीत आणि उजव्यात लागतात, असं झालं तर त्याला अर्थ आहे. बोटांच्या बेचक्या बघा, टाचेच्या भेगा बघा. शुगरवाल्याला जखम झालेली कळत नाही, ती घरातल्या माणसाने शोधायची असते.

आता एमआरआयकडे येतो.

तो रिपोर्ट खोटा नाही. डिस्क बल्ज आहे, थोडी नसही दबलीय. प्रश्न असा की ते ६६ वर्षांच्या कुठल्या माणसात नसतं? २०१५ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ न्यूरोरेडिओलॉजी' या नियतकालिकात ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. त्यातले ३,११० लोक असे होते की ज्यांची पाठ दुखतच नव्हती. तरी साठीच्या वयात त्यांच्यातल्या ६९ टक्क्यांच्या चित्रांत डिस्क बल्ज होता. विशीतल्यांतही ३० टक्क्यांत होता. डोक्यावरचे केस पांढरे व्हावेत तशी ही गादी झिजते आणि फुगते. कोणाच्या पोटरीत गोळा येतो म्हणून आपण त्याच्या पांढऱ्या केसांना दोष देत नाही. चित्रात काहीतरी दिसलं आणि माणसाला काहीतरी दुखतंय, एवढ्यावर त्या दोघांचं लग्न लावता येत नाही. रिपोर्टच्या तळाशी आम्ही रेडिओलॉजिस्ट, म्हणजे ही चित्रं वाचणारे डॉक्टर, 'कृपया रुग्णाच्या तक्रारीशी ताडून पाहावे' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य लिहितो, ते याचसाठी. ते अंग काढून घेणं आहे असं लोकांना वाटतं. थोडं असतंही. पण खरं वाक्य तेच असतं.

इथे माझी एक जुनी चूक सांगतो. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. पन्नाशीतला एक शेतकरी, चालताना मांड्या आणि पोटऱ्या दुखतात म्हणून कमरेच्या एमआरआयला आला. मी मणक्यांवर दीड पान लिहिलं. कुठली गादी किती मिलिमीटर मागे आलीय ते सगळं. त्यावर त्याचं ऑपरेशन झालं. पाय दुखायचा तो दुखतच राहिला. काही महिन्यांनी कोणीतरी त्याच्या जांघेत बोट ठेवून बघितलं तर नाडीच नाही. पुढच्या तपासणीत पोटातली मुख्य रोहिणी जिथे दोन पायांसाठी दुभागते, तिथेच ती बंद झालेली निघाली. मी जुनी फिल्म काढून लाइटबॉक्सवर लावली. मणक्याच्या एमआरआयमध्ये मणक्यांच्या पुढेच ही मोठी रोहिणी दिसते. आपण नेहमी घेतो त्या चित्रांत वेगाने वाहणारं रक्त काळं दिसतं, त्यामुळे मोकळी रोहिणी काळ्या टिपक्यासारखी उठून दिसते. त्या माणसाचा टिपका राखाडी होता. सगळ्या आडव्या छेदांत, एकाखाली एक, राखाडी. चित्रात उत्तर होतं, पण मला मणक्याबद्दल विचारलं होतं म्हणून मी मणकेच बघितले. तेव्हापासून कमरेचा कुठलाही एमआरआय आला की मी आधी ते टिपके बघतो आणि मग मणके मोजायला घेतो.

तुमच्या उपयोगाचं असं की बाबांचा एमआरआय झालेलाच आहे. जिथे केला तिथे सीडी घेऊन जा आणि रेडिओलॉजिस्टना भेटायचंय म्हणा. आम्ही अंधाऱ्या खोलीत बसतो, पण चावत नाही. त्यांना सांगा, चालताना पोटरी दुखते, थांबल्यावर सुटते, विडी आहे, शुगर आहे, तर पोटातल्या रोहिणीवर आणि तिच्या फांद्यांवर पुन्हा एकदा नजर टाकाल का? नवा फोटो नाही, नवं इंजेक्शन नाही, पाच मिनिटांचं काम. मोबाइलवर फिल्मचा फोटो काढून पाठवू नका, त्यात काही कळत नाही. मात्र तिथे सगळं ठीक दिसलं तरी विषय संपला असं समजू नका. पोटरीच्या दुखण्यात अडथळा बहुतेक वेळा मांडीतल्या रोहिणीत असतो आणि मांडी त्या एमआरआयमध्ये येतच नाही.

म्हणून खरी पुढची पायरी यापेक्षा साधी आणि स्वस्त आहे. अँकल-ब्रेकियल इंडेक्स, म्हणजे ए.बी.आय. नाव मोठं आहे, प्रकार साधा : दंडाचं ब्लडप्रेशर आणि घोट्याचं ब्लडप्रेशर यांची तुलना. माणसाला दहा मिनिटं शांत झोपवायचं, दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना बी.पी.चा पट्टा बांधायचा, पेनाएवढ्या डॉप्लरने नाडीचा आवाज ऐकत वरचा आकडा घ्यायचा. घोट्याचा आकडा भागिले दंडाचा आकडा. दंडात १४० आणि घोट्यात ८४ आला तर उत्तर ०.६०. निरोगी माणसात ते १ ते १.४० असतं. ०.९० किंवा त्याखाली आलं की पायाच्या रोहिणीत अडथळा आहे असं धरतात. उत्तर काठावर आलं आणि तक्रार पक्की असेल तर चालायला लावून पुन्हा मोजतात, कारण बसल्या जागी पुरणारं रक्त चालताना कमी पडतं.

बाबांच्या बाबतीत एक मेख आहे. बरीच वर्षं शुगर असली, किडनी थोडी थकलेली असली, की पोटरीतल्या रोहिणीच्या भिंतीत चुना साठतो आणि ती जुन्या रबरी नळीसारखी कडक होते. पट्टा आवळूनही दबत नाही. मग घोट्याचा आकडा खोटाच वाढलेला येतो, कधी १.४० च्या वर. 'वा, छान, उलट जास्तच आहे' असं म्हणून कोणी घरी पाठवलं तर येऊ नका. पायाच्या अंगठ्याचं प्रेशर घ्यायला सांगा. अंगठ्यातल्या बारीक रोहिण्या सहसा एवढ्या कडक होत नाहीत. अंगठ्याचा भागाकार ०.७० च्या खाली आला तर तो कमी समजतात.

त्यासोबत दोन्ही पायांचा डॉप्लर, पण या वेळी रोहिणीचा. चिठ्ठीवर 'आर्टेरियल' हा शब्द डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि टेबलावर झोपण्याआधी तंत्रज्ञाला वाचून दाखवा. लाजू नका. या तपासणीत रक्त किती वेगाने आणि कुठल्या लयीत वाहतंय ते आलेखावर दिसतं. निरोगी पायात प्रत्येक ठोक्याला उंच टोक येतं, मग रक्त क्षणभर मागे जातं, मग हलकेच पुढे येतं, अशी तीन टप्प्यांची लय असते. वर कुठे अडथळा असेल तर खाली ती लय मोडते, नुसता एक बसका फुगवटा उरतो. स्पीकरवरही फरक ऐकू येतो : एकीकडे चाबूक ओढल्यासारखा आवाज, दुसरीकडे वाऱ्याची झुळूक. आणि पडद्यावर लाल-निळं दिसेल, ते बघून आईंना लाल म्हणजे चांगलं रक्त आणि निळं म्हणजे वाईट असं वाटेल. तसं नसतं, रक्त पायावर फिरवायच्या प्रोबच्या दिशेने येतंय की दूर जातंय एवढंच तो रंग सांगतो. हे यंत्र घरी आणून तपासणी होईल का असं कोणी विचारू नये म्हणून सांगतो : गर्भलिंग निदानाच्या १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफीचं प्रत्येक मशीन नोंदलेलं असतं आणि नोंदलेल्या जागेतच वापरावं लागतं, मग ते पोटरीवर का फिरवायचं असेना. तेव्हा सेंटरवरच जावं लागेल.

सीटी अँजिओची घाई करू नका. फॅमिली डॉक्टरांचा संशय मला पटतो, त्यांनी सुचवलेली तपासणी मात्र दोन पायऱ्या पुढची आहे. अँजिओ हा रोहिण्यांचा नकाशा आहे. नकाशा त्याने काढावा ज्याला त्या रस्त्याने जायचंय, म्हणजे रोहिणी आतून रुंद करायला फुगा घालायचा, स्टेंट टाकायचा की बायपास करायचं हे ठरवायची वेळ आल्यावर. तोपर्यंत त्याने काही बदलत नाही. त्यातून सीटीत आयोडीनचं कॉन्ट्रास्ट शिरेतून देतात आणि ते किडनीवाटे बाहेर पडतं. बाबांचं क्रिएटिनिन १.६ आहे. तेवढ्यावरून तपासणी बंदच असं कोणी म्हणणार नाही. त्यावरून ई-जीएफआर, म्हणजे किडनी किती रक्त गाळते त्याचा अंदाज, काढतात, तो ३० च्या खाली असेल तर फार विचार करावा लागतो. बाबांचा त्याहून बराच वर निघेल असा माझा अंदाज आहे. पण ताजा रिपोर्ट हातात हवा, आधी पाणी नीट पोटात हवं, आणि शुगरची मेटफॉर्मिन गोळी घेत असतील तर ती चालू ठेवायची की दोन दिवस थांबवायची हे डॉक्टरांना विचारायला हवं. शिवाय चुना साठलेल्या बारीक रोहिण्या सीटीत पांढऱ्याफटक दिसतात आणि आतला रस्ता उघडा आहे की बंद, हे त्या चकाकीत हरवतं. शुगरवाल्याच्या गुडघ्याखाली हे नेहमीचं.

समजा रोहिणीचाच दोष निघाला. तरी लगेच फुगा असं नसतं. पायाला जखम नाही, रात्री दुखत नाही, फक्त चालताना दुखतंय, तर आधी औषधं आणि चालणं. रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन डॉक्टर ठरवून देतील. सोबत हृदयही तपासून घ्या म्हणतील आणि त्यांचं ऐका, कारण पायातली रोहिणी एकटी बिघडत नाही, हृदयाची आणि मेंदूचीही त्याच वाटेवर असते. चालण्याचं औषध असं : दुखेपर्यंत चाला, थांबा, सुटलं की पुन्हा चाला, अर्धा ते पाऊण तास, आठवड्यातून निदान तीन वेळा, तीन महिने. म्हणजे बाबा आत्ता करतायत तेच, फक्त नाटक न करता आणि रोज थोडं पुढच्या फ्लेक्सपर्यंत. आणि विडी. काडेपेटीबद्दल त्यांच्याशी भांडू नका, पण त्यांना स्पष्ट सांगा की विडी चालू राहिली तर टाकलेला स्टेंटसुद्धा बंद पडतो.

फुगा घालायचीच वेळ आली तर घाबरू नका. ही कल्पना आमच्याच बिरादरीतल्या माणसाची आहे. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत पोर्टलंड इथे चार्ल्स डॉटर नावाच्या रेडिओलॉजिस्टने ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतली अरुंद रोहिणी एक्स-रेखाली बघत बघत आतून रुंद केली. पाय कापायचा सल्ला त्या बाईंनी धुडकावला होता. पाय वाचला आणि मरेपर्यंत त्या स्वतःच्या पायांनी चालल्या. त्याआधी आमचं काम चित्र काढून सर्जनच्या हातात देण्याचं होतं. इथून चित्र बघता बघताच दुरुस्ती करायला सुरुवात झाली. फुगा मागाहून आला, सत्तरच्या दशकात, आंद्रेआस ग्रुंटझिग यांच्या हातून. आज जांघेत किंवा मनगटाजवळ टाचणीएवढं छिद्र करून हे होतं. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे आधी विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.

आणि रोहिणी मोकळी निघाली तर? मग मणक्याकडे पुन्हा जायचं आणि ऑपरेशनची चर्चा खुल्या मनाने करायची. दोन्ही थोडं थोडंही निघू शकतं, या वयात ते काही दुर्मिळ नाही. तेव्हा हाडांच्या डॉक्टरांना वाईट ठरवू नका. त्यांना जाऊन सांगा, 'डॉप्लर नीलेचा होता, रोहिणीचा करून घेतोय, तोवर तारीख दोन-तीन आठवडे पुढे ढकलूया का?' माझ्या ओळखीतला एकही चांगला सर्जन याला नाही म्हणणार नाही. उलट रक्त न पोचणाऱ्या पायाच्या माणसाला भूल द्यायची तर भूलतज्ज्ञालाही हे आधी कळलेलं बरं.

थांबायचं नाही असे प्रसंग थोडेच आहेत, पण ते घरातल्या सगळ्यांना माहीत हवेत. पाय अचानक पांढरा, गार पडून जीवघेणा दुखायला लागला तर तासांचा हिशोब असतो. सकाळ होऊ द्यायची नाही, रक्तवाहिन्यांचे सर्जन असतील अशा मोठ्या रुग्णालयात थेट जायचं. बोट काळं पडलं, जखम दोन आठवड्यांत भरत नाही, किंवा रात्री पाय पलंगाखाली लोंबकळत ठेवल्याशिवाय झोप लागत नाही, तर त्याच आठवड्यात दाखवायचं. मणक्याच्या बाजूने : लघवी अडली, मांड्यांच्या मध्ये बधिर झालं किंवा पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी.

उरलेलं भराभर. गुडघा : आपल्याकडे मणक्यात 'गॅप आली' की रोग आणि गुडघ्यात 'गॅप गेली' की रोग, असा मजेशीर हिशोब आहे. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, दोन हाडांमधली जी मोकळी जागा दिसते ती म्हणजेच कूर्चा. ती जागा उभं राहून, वजन टाकून काढलेल्या फोटोतच खरी कळते. तुम्ही पाठवलेल्या फोटोवर 'स्टँडिंग' अशी खूण दिसत नाही, तेव्हा पुढच्या वेळी उभ्याने काढायला सांगा. आत्ता काही नको. मांडीचे स्नायू बळकट करायचा व्यायाम कुठल्याही फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. गुडघ्याला एमआरआयची गरज मला तरी दिसत नाही.

आईंची भीती : त्यांना सांगा की एमआरआय आणि सोनोग्राफीत एक्स-रेची किरणं नसतातच. गुडघ्याच्या एक्स-रेत असतात, पण इतकी कमी की जमिनीतून आणि आकाशातून सगळ्यांनाच वर्षभरात जेवढी मिळतात, म्हणजे जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट (किरणं मोजायचं एकक), त्यापुढे ती चिल्लर आहेत. सीटीत खरोखर जास्त असतात, म्हणून सीटी कारण असेल तेव्हाच. आई बोलतायत ते अगदीच चुकीचं नाही. फक्त त्यांचा राग योग्य मशीनकडे वळवा.

आणि भावाला म्हणावं, डोक्यापासून पायापर्यंत एमआरआय करून कटकट मिटत नाही, वाढते. सहासष्टाव्या वर्षी डोक्यापासून पायापर्यंत बघितलं तर किडनीवर गाठ, थायरॉइडवर गाठ, यकृतावर ठिपका, काही ना काही सापडणारच. बहुतेक निरुपद्रवी, पण प्रत्येकासाठी नवी तपासणी आणि घरातल्या प्रत्येकाची उडालेली झोप. त्या पैशांत बाबांना रुंद पंज्याचे मऊ बूट घ्या. सुती मोजे घ्या, इलॅस्टिक घट्ट नसलेले.

जाता जाता एक : आई पोटरीला गरम पाण्याच्या पिशवीने शेकत असतील तर आजच बंद करा. शुगरमुळे चटका कळत नाही, आणि रक्त कमी पोचत असेल तर भाजलेलं भरत नाही. तेल हलक्या हाताने लावलं तर चालेल, मात्र बोटांच्या बेचक्यांत नको.

ए.बी.आय.चा आकडा आला की कळवा. दोन्ही पायांचा.